पोशाखाची बाहुली : इतिहासाचें एक उपेक्षित साधन

(१)

इतिहासाच्या साधनांची गणना करितांना आपण पत्रें, सनदा, महजर, जमाखर्च, नाणीं, ताम्रपट, शिलालेख व चित्रें यांचीं नांवें घेतों. बाहुलीचें नांव या यादींत कोणी घालीत नाहीं. ती मुलांच्या खेळांतली वस्तु. तिचें स्थान भातुकलींत, दप्तरखान्यांत नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. युरोपांतील पोशाखाचा इतिहास पाहूं गेल्यास मात्र ही समजूत टिकत नाहीं. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सुमारें चारशें वर्षें, एका दरबारचा पोशाख दुसऱ्या दरबारास कळविण्याचें काम बाहुल्यांनीं केलें. राण्यांनीं त्या मागविल्या, राजांनीं त्या पाठविल्या, शिंप्यांनीं त्यांवर पैसे मिळविले, आणि युद्धाच्या धामधुमींतहि त्या सरहद्दी ओलांडून गेल्या असें लेखक सांगतात.

या बाहुल्यांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग निरोप्या बाहुल्यांचा. एका ठिकाणचा पोशाख दुसऱ्या ठिकाणीं दाखवावा एवढ्याचसाठीं त्या तयार झाल्या. दुसरा वर्ग घरांतच राहिलेल्या बाहुल्यांचा. कोणा कुटुंबानें हौसेनें त्या सजविल्या, कपाटांत ठेविल्या, आणि पिढ्यानपिढ्या जपल्या. पहिल्या वर्गाचे कागद सांपडतात, पण बाहुल्या नाहींशा झाल्या आहेत; दुसऱ्या वर्गाच्या बाहुल्या शिल्लक आहेत, पण त्यांच्यासंबंधीं कागद थोडे. हा भेद न ओळखल्यामुळें पुष्कळ लेखकांनीं एकीचे कागद दुसरीच्या गळ्यांत बांधले आहेत. कागद आणि वस्तु हीं दोन्हीं स्वतंत्रपणें तपासून मगच त्यांची सांगड घातली, तर पोशाखाच्या इतिहासास बाहुलीइतका बोलका साक्षीदार दुसरा मिळणें कठीण, हें प्रस्तुत लेखांत दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

(२)

प्रथम जमाखर्चाचा पुरावा घेऊं. फ्रान्सचा राजा सहावा शार्ल याच्या दरबारच्या हिशेबांत एक नोंद आहे. इंग्लंडच्या राणीकडे जावयाच्या बाहुल्यांच्या पोशाखाबद्दल रॉबेर द व्हारेन या कारागिरास ४५९ लिव्रांहून किंचित् अधिक रक्कम दिल्याचें तींत नमूद आहे. बाहुल्या पाठविणारी शार्लची राणी इझाबो होय असें सांगतात. पोशाखाच्या बाहुलीचा हा बहुधा सर्वांत जुना लेखी दाखला म्हणून प्रत्येक ग्रंथकार तो देतो.

पण नोंदीचा अर्थ तिच्या सालावर अवलंबून आहे. कांहीं लेखकांनीं हें साल १३९१ दिलें आहे, कांहींनीं १३९६. पांच वर्षांचा हा फरक क्षुल्लक नव्हे. १३९१ सालीं इंग्लंडची राणी म्हणजे दुसऱ्या रिचर्डची प्रथम पत्नी, बोहेमियाची ॲन. ती प्रौढ स्त्री होती. तिच्याकडे गेलेली बाहुली ही पोशाखाचा नमुना मानण्यास हरकत नाहीं. ॲन १३९४ सालीं वारली. त्यानंतर रिचर्डनें १३९६ च्या अखेरीस शार्ल व इझाबो यांचीच मुलगी इझाबेला हिच्याशीं लग्न केलें. इझाबेला ९ नोव्हेंबर १३८९ रोजीं जन्मली होती. म्हणजे लग्नाच्या वेळीं तिला सातवें वर्षहि पुरें झालेलें नव्हतें. तेव्हां १३९६ हें साल धरलें तर ‘इंग्लंडची राणी’ ही सासरीं निघालेली एक चिमुरडी मुलगी ठरते, आणि बाहुल्या आईनें लेकीला दिलेलें खेळणें ठरूं शकतात.

तरीहि रक्कम विसरतां येत नाहीं. साध्या खेळण्याच्या चिंध्यांस एवढा खर्च येत नाहीं. दरबारी कापड, भरतकाम आणि शिलाई यांचाच तो खर्च असला पाहिजे. शिवाय बालराणीच्या बरोबर माहेरचा पोशाख परदेशीं जाणें हाहि पोशाखाच्या इतिहासांतलाच प्रकार आहे. सारांश, या नोंदीवरून पॅरिसच्या दरबारी पोशाखाची लहान प्रतिकृति समुद्रापार जाऊं शकत होती, एवढें निर्विवाद सिद्ध होतें. त्या प्रतिकृतीमुळें इंग्रजी दरबारानें आपला वेष बदलला, हें मात्र तीवरून सिद्ध होत नाहीं. जमाखर्च रक्कम सांगतो, घेणाऱ्याचें नांव सांगतो. वस्तु कशी दिसत होती आणि तिचा परिणाम काय झाला, हें सांगणें त्याचें काम नव्हे. पेशवे दप्तरांतील पोशाखाच्या याद्या ज्यांनीं चाळल्या आहेत त्यांस हा अनुभव नवा नाहीं.

(३)

यानंतरचे दाखले अधिक बोलके आहेत. इ. स. १४९६ मध्यें फ्रान्सची राणी, ब्रिटनीची ॲन, हिनें स्पेनच्या राणीकडे, म्हणजे कॅस्टीलच्या इझाबेलाकडे, पाठविण्यासाठीं एक मोठी बाहुली सजविली. पहिला पोशाख तिच्या मनास येईना, म्हणून तो काढून दुसरा अधिक उंची पोशाख करविला, असें हिशेबांवरून दिसतें. या सालाकडे लक्ष द्यावें. नेपल्सच्या राज्यावरून फ्रान्स आणि स्पेन त्या वेळीं एकमेकांशीं झगडत होतीं. इटलींत दोहोंचीं सैन्यें लढत असतां एका राणीचें लक्ष दुसरीपुढें आपला पोशाख उणा दिसूं नये इकडे होतें. बाहुली दुसऱ्यांदा सजविण्यांत हौस होती तितकीच प्रतिष्ठाहि होती.

पत्रांचा पुरावा जमाखर्चाच्या पुढें जातो. इ. स. १५१५ च्या सप्टेंबरांत मारिन्यानोची लढाई जिंकून फ्रान्सचा पहिला फ्रान्सिस मिलानचा धनी झाला. मांतुआचा राजपुत्र फेदेरिको गोंझागा हा पंधरा वर्षांचा मुलगा त्याच्या दरबारीं होता. नोव्हेंबरांत त्यानें आपली आई इझाबेला देस्ते हिला लिहिलें कीं, राजास तुमच्या पद्धतीनें सजविलेली एक बाहुली हवी आहे. आंतलीं वस्त्रें, बाह्या, वरचीं वस्त्रें, शिरोभूषण व केशरचना हें सर्व तिच्यावर असावें, कारण तसे पोशाख करवून ते फ्रान्समधील स्त्रियांस द्यावयाचे आहेत. आईनें उत्तर धाडलें कीं बाहुली आनंदानें पाठवूं. परंतु राजास तींत नवें कांहीं दिसणार नाहीं, कारण मिलानच्या स्त्रियाहि आमच्यासारखाच वेष करितात.

या पत्रव्यवहारापासून तीन गोष्टी निघतात. पहिली, बाह्यांचा उल्लेख वेगळा आहे. त्या काळीं बाह्या झग्यास कायमच्या शिवीत नसत. बंदांनीं बांधीत, आणि एका झग्यावर निरनिराळ्या बाह्या चढवीत. पोशाखाची ही जोडणी चित्रांत लपते. बाहुलींत ती उघड होते. दुसरी, मागणी फ्रान्सच्या राजाकडून इटलीस गेलेली आहे. पोशाखाची सत्ता सदासर्वकाळ पॅरिसच्याच हातीं होती, असें जें सरसकट लिहिलें जातें, तें १५१५ च्या या पत्रानें खोडून निघतें. रणांत जिंकणारा राजा पोशाखाच्या बाबतींत हरलेल्यांच्या देशाकडे पाहत होता. तिसरी, इझाबेलाच्या उत्तरांतील नम्रता वरवरची आहे. आपला वेष मिलानपर्यंत पसरला आहे, हेंच ती राजास सुचवीत आहे.

पुढें प्रवाहाची दिशा उलटली. इ. स. १६०० मध्यें फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीचें लग्न फ्लॉरेन्सच्या मारिया दे मेदिचीशीं ठरलें, तेव्हां वधूस फ्रेंच पोशाखाचे नमुने पाहावयाचे आहेत असें कळल्यावरून त्यानें तिच्याकडे नमुन्याच्या बाहुल्या पाठविल्या. पंचाऐशीं वर्षांपूर्वीं फ्रान्सचा राजा इटलीकडून बाहुली मागत होता. आतां इटलीची कन्या फ्रान्सकडून नमुने मागूं लागली. पोशाखाच्या क्षेत्रांत झालेला हा सत्तापालट एवढ्या थोड्या शब्दांत सांगणारे दुसरे कागद आमच्या पाहण्यांत नाहींत.

(४)

एवढा खटाटोप बाहुलीचाच कां, असा प्रश्न साहजिक निघतो. चित्रकार तर प्रत्येक दरबारीं होते. याचें उत्तर शिंप्याच्या कामांत आहे. चित्र एक बाजू दाखवितें. पाठीवरच्या चुण्या कोठें सुरू होतात, कंचुकीचा बंद कोणत्या बाजूनें आवळतात, खालच्या घागऱ्याचे थर किती, वरच्या कापडास अस्तर कशाचें, हें चित्रावरून कळत नाहीं. बाहुली फिरवून पाहतां येते, तिचे कपडे उतरवितां येतात, शिवण उसवून कापडाचा बेत कागदावर उतरून घेतां येतो. शब्दांनीं वर्णन करावें तर एकाच शब्दाचा अर्थ दोन गांवीं दोन होतो. बाहुलीस भाषांतर लागत नाहीं.

हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या वाचकांस एक उपमा पटेल. पोशाखाच्या इतिहासांत बाहुली ही पोथीच्या जागीं आहे. ती एकटी, हातानें केलेली, एका विशिष्ट व्यक्तीसाठीं पाठविलेली असते. पोथींतील खाडाखोडीवरून लेखकाचा हात ओळखतां येतो, त्याप्रमाणें बाहुलीच्या टांक्यांवरून शिवणाऱ्याचा हात ओळखतां येतो.

परंतु याच गुणांत तिच्या नाशाचें कारण होतें. ज्या बाहुलीचा उत्तम उपयोग झाला तिचे कपडे उसविले गेले. ज्या दिवशीं तिचा पोशाख जुना झाला त्या दिवशीं तिचें कामहि संपलें. मग ती घरांतल्या मुलींच्या हातीं गेली. राजपत्र वाचून झाल्यावरहि जपतात. जुना झालेला नमुना जपण्याचें कोणास कारण नव्हतें. निरोप्या बाहुल्यांचे कागद राहिले आणि त्या स्वतः गेल्या, त्याचें मर्म हें आहे.

सतराव्या शतकांत या बाहुल्यांस फ्रान्समध्यें ‘पांदोर’ हें नांव पडलें. लेखिका माद्लेन द स्क्युदेरी (१६०७–१७०१) हिच्या बैठकींत दोन बाहुल्या असत, मोठी समारंभाच्या पूर्ण पोशाखांत व धाकटी घरगुती पोशाखांत, अशी परंपरागत कथा आहे. नांव ग्रीक पुराणांतून घेतलेलें. पांडोरा ही मातीची घडविलेली स्त्री; तिला वस्त्रें व अलंकार अथीनी देवीनें चढविले. सजविलेल्या मूर्तीस याहून समर्पक नांव मिळतें ना. बैठकीची कथा खरी असो वा नसो, समारंभाचा व घरचा असे दोन पोशाख दोन बाहुल्यांवर दाखविण्याची कल्पना ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. बाहुली केवळ कापडाचा नमुना दाखवीत नव्हती. कोणत्या प्रसंगीं काय ल्यावें हा आचारहि शिकवीत होती.

(५)

युद्धकाळांतील बाहुल्यांसंबंधीं एक मनोरंजक वृत्तांत सर्व ग्रंथांतून फिरतो. स्पेनच्या गादीच्या वारसाबद्दल इ. स. १७०१ ते १७१४ पर्यंत युरोपांत युद्ध चाललें. त्या वेळीं, १७०४ च्या सुमारास, इंग्लंडांत जाणाऱ्या पॅरिसच्या बाहुलीस दोन्ही दरबारच्या मंत्र्यांनीं खास परवाना दिला होता आणि वैर कितीहि विकोपास गेलें तरी तिला कोणी हात लावीत नसे, असें आबे प्रेव्हो या फ्रेंच लेखकानें लिहिलें आहे. गोष्ट गोड आहे. म्हणूनच तिची छाननी अवश्य आहे. प्रेव्हो १६९७ सालीं जन्मला. १७०४ सालीं तो सात वर्षांचा होता. म्हणजे हा वृत्तांत प्रत्यक्षदर्शी नव्हे, ऐकीव आहे. आणि फ्रेंच माणसानें फ्रेंच दाक्षिण्याची केलेली ती स्तुति आहे.

याच्या उलट त्याच काळांतला एक छापील कागद आपल्यापाशीं आहे. लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ पत्राच्या २७७ व्या अंकांत, तारीख १७ जानेवारी १७१२ रोजीं, एका फ्रेंचवेड्या बाईच्या नांवानें लिहिलेलें पत्र आहे. युद्ध चाललें तोंवर इंग्रज कारागिरणींच्या कल्पनांवर दिवस काढावे लागले, फ्रान्सचा नमुना पुन्हां दृष्टीस पडेल ही आशाहि सुटत चालली होती, आणि आतां कोव्हेंट गार्डनजवळ पॅरिसहून नुकतीच एक सजलेली बाहुली आल्याचें कानांवर पडलें, असा त्याचा आशय आहे. पत्र विनोदी आहे. त्यांतली बाई काल्पनिक आहे. तथापि विनोद लोकांस समजावा यासाठीं त्याचा आधार खरा असावा लागतो. परवान्याच्या जोरावर बाहुल्या दरसाल बिनधोक येत असत्या, तर त्यांच्या दुष्काळावर केलेली थट्टा कोणास कळलीच नसती.

येथें तारखेचा मेळ घालून पाहावा. इंग्लंडांत त्या वेळीं जुनी गणना चालू होती. युरोपखंडांतील नव्या गणनेहून ती ११ दिवस मागें होती. म्हणजे हा अंक नव्या गणनेनें २८ जानेवारीचा ठरतो. आणि युद्ध मिटविण्यासाठीं उट्रेख्ट येथें वकिलांची परिषद भरली ती २९ जानेवारी १७१२ रोजीं, म्हणजे अगदीं दुसऱ्याच दिवशीं. तहाचें वारें सुटलें आणि बाहुलीचा मार्ग मोकळा झाला, असा या दोन तारखांचा स्वाभाविक अर्थ दिसतो. प्रेव्होची कथा सुंदर असली तरी समकालीन कागदाचें वजन तिच्याहून अधिक धरावें, असें आमचें मत आहे.

(६)

अठराव्या शतकांत बाहुली दरबारांतून बाजारांत आली. व्हेनिसमध्यें ‘पियावोला दे फ्रान्झा’, म्हणजे फ्रान्सची बाहुली, मेर्चेरिया या बाजाराच्या रस्त्यांत स्वर्गारोहणाच्या जत्रेच्या वेळीं मांडीत, व त्या वर्षीं कसा वेष करावयाचा हें नगरांतील स्त्रिया तिजवरून ठरवीत. पॅरिसमध्यें रू सेंत-ओनोरे या रस्त्यावरची बाहुली इतकी प्रसिद्ध झाली कीं, पॅरिसचें वर्णन लिहिणारा मेर्सिए हा तिच्यावर स्वतंत्र मजकूर लिहितो. तिच्या अस्तित्वावर विश्वास न ठेवणाऱ्या एका परकीयास आपण ती प्रत्यक्ष दाखविली, असें तो सांगतो. उत्तरेस पीटर्सबर्ग व पूर्वेस कॉन्स्टँटिनोपल येथपर्यंत पॅरिसच्या पोशाखाचा निरोप पोंचत असे, असाहि त्याचा अभिप्राय आहे.

याच रस्त्यावर मारी आंत्वानेत राणीची पोशाखकर्ती रोझ बेर्तां (१७४७–१८१३) हिचें दुकान होतें. दुकानाचें नांव ‘ओ ग्रां मोगोल’, म्हणजे थोर मोगलाचें. आपल्या वाचकांस येथें एक गंमत वाटेल. पूर्वेकडील वैभवाची खूण म्हणून ज्या मोगल पातशहाचें नांव पॅरिसच्या दुकानावर झळकत होतें, तो शहाआलम त्याच सुमारास, जानेवारी १७७२ मध्यें, मराठ्यांच्या साह्यानें दिल्लीस परत आला होता. नांवाची प्रतिष्ठा वस्तुस्थितीच्या मागें बराच काळ चालत राहते. पोशाखाचेंहि तसेंच आहे.

बाजारी व्यवहाराचा सर्वांत स्पष्ट कागद मात्र अटलांटिक महासागराच्या पलीकडे सांपडतो. बोस्टन येथील ‘न्यू इंग्लंड वीकली जर्नल’ पत्राच्या २ जुलै १७३३ च्या अंकांत हॅना टीट्स या झगे शिवणाऱ्या बाईची जाहिरात आहे. लंडनहून कप्तान व्हाइट याच्या गलबतानें आलेली, अगदीं नव्या तऱ्हेनें सजविलेली बाहुली समर स्ट्रीटच्या तोंडाशीं असलेल्या तिच्या घरीं पाहावयास मिळेल. घरीं येऊन पाहिल्यास पांच शिलिंग, आणि बाईनें बाहुली घेऊन आपल्याकडे यावें अशी इच्छा असल्यास सात शिलिंग. जाहिरातींत शब्द ‘बेबी’ असा आहे. इंग्रजींत त्या काळीं बाहुलीस हाच शब्द वापरीत. ‘डॉल’ हें मूळचें डॉरथी नांवाचें लाडकें रूप, तें बाहुलीच्या अर्थीं अठराव्या शतकांत रूढ झालें. जुने इंग्रजी कागद वाचणाऱ्यानें हें ध्यानांत न ठेवल्यास गलबतांतून मूल आलें असा घोटाळा व्हावयाचा.

या जाहिरातींत बाहुली विकावयाची नाहीं. तिचें दर्शन विकावयाचें आहे. पोशाखाची माहिती हीच विक्रीची वस्तु झाली आहे, आणि घरपोंच माहितीस दोन शिलिंग अधिक पडतात. १३९६ सालीं जी गोष्ट राणीस राणीकडून मिळत होती ती १७३३ सालीं समुद्रापारच्या व्यापारी गांवांतील कोणाहि स्त्रीस ठराविक पैसे मोजून मिळूं लागली. बाहुलीच्या सांस्कृतिक परिणामाची मोजदाद करावयाची असेल तर ती येथें करावी.

(७)

पोथीस छापील पुस्तकानें जें केलें तेंच बाहुलीस छापील चित्रानें केलें. पॅरिसमध्यें १७७८ पासून १७८७ पर्यंत ‘गालरी दे मोद’ ही पोशाखचित्रांची माला निघाली. १७८५ सालीं ‘काबिने दे मोद’ हें नियतकालिक सुरू झालें. रंगविलेलें चित्र टपालानें जातें, त्याच्या शेंकडों प्रती निघतात, आणि महिना उलटला कीं दुसरें येतें. त्यांत शिवण दिसत नाहीं ही उणीव स्वस्ताईपुढें आणि वेगापुढें कोणास जाणवली नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं निरोप्या बाहुलीचा काळ संपला. लंडनच्या फुलर मंडळींनीं १८१० सालीं काढलेल्या ‘लिट्ल फॅनी’ या पुस्तकांत तर बाहुलीच कागदाची झाली. एकच सुटें मस्तक निरनिराळ्या छापील पोशाखांत बसवून गोष्ट वाचावयाची.

यानंतर बाहुली मोठ्यांची मार्गदर्शक राहिली नाहीं. ती लहान मुलींची शिक्षिका झाली. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनांत पॅरिसच्या जुमो या बाहुलीवाल्यास पारितोषिक मिळालें, तेव्हां परीक्षकांनीं प्रशंसा केली ती बाहुल्यांची नव्हे, त्यांच्या पोशाखांची. पेटीभर कपड्यांसह विकली जाणारी ही फ्रेंच बाहुली मुलीस कोणत्या वेळीं कोणता वेष करावा हें शिकवी. विसाव्या शतकांत जर्मनींतील लिली (१९५५) व तिच्यावरून सुचलेली अमेरिकेंतील बार्बी (१९५९) यांनीं हीच परंपरा पुढें चालविली. पूर्वीं मोठ्यांचा पोशाख बाहुलीवरून ठरे. आतां मोठेपणीं कसें दिसावें याची कल्पना मुली बाहुलीवरून करूं लागल्या. या दुसऱ्या प्रभावाबद्दल अलीकडे पुष्कळ वाद झाले आहेत. त्या वादांत पडण्याचें येथें प्रयोजन नाहीं. बाहुली निरुपद्रवी खेळणें आहे असें मानणारा मनुष्य असा वाद घालणार नाहीं, एवढें मात्र नमूद करावेंसें वाटतें.

(८)

आतां शिल्लक राहिलेल्या बाहुल्यांकडे वळूं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियममध्यें लॉर्ड क्लॅफम व लेडी क्लॅफम या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या दोन लांकडी बाहुल्या आहेत. त्यांचा काळ इ. स. १६९० ते १७०० चा धरतात. १९७४ सालीं त्या परदेशीं जाण्याच्या बेतांत असतां लोकांकडून वर्गणी जमवून संग्रहालयानें त्या ठेवून घेतल्या. त्यांच्या खुर्च्यांसकट त्या आहेत. समारंभाचे पोशाख आहेत तसे घरगुती अंगरखेहि आहेत. लेडीची कंचुकी, मोजे व उन्हावाऱ्यापासून तोंड झांकण्याचा मुखवटासुद्धां राहिला आहे. माणसांच्या अंगावरचीं त्या दशकांतलीं असलीं आंतलीं वस्त्रें क्वचितच टिकतात. तीं झिजून जातात किंवा दुसऱ्या कामीं लागतात. तेव्हां वस्त्रें एकावर एक कोणत्या क्रमानें चढवीत हें पाहावयाचें असल्यास या बाहुल्यांसारखा पुरावा नाहीं.

तथापि या बाहुल्या कोणत्याहि दरबारचा निरोप घेऊन गेलेल्या नाहींत. त्या कुटुंबांत राहिल्या म्हणूनच टिकल्या. यांसच ‘पांदोर’ म्हणून दाखविणें म्हणजे घरांतील खर्डा अस्सल राजपत्र म्हणून छापण्यासारखें आहे. खर्ड्याची किंमत त्यामुळें कमी होत नाहीं. पण तो खर्डा म्हणूनच वाचला पाहिजे.

त्याच संग्रहांतील पॉवेल कुटुंबाच्या बाहुल्या या दृष्टीनें फार मोलाच्या आहेत. लेटिशिया क्लार्क, पुढें लेटिशिया पॉवेल, हिनें १७५४ सालीं, वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास, त्या काळच्या पोशाखांत एक बाहुली सजविली. १७६१ सालीं तिनें आपल्या लग्नाचा पोशाख बाहुलीवर उतरविला. पुढें ही चाल घराण्यांत चालूं राहिली आणि विसाव्या शतकापर्यंत, १९१२ सालापर्यंत, बाहुल्यांची ही मालिका वाढत गेली. येथें वस्तूस साल जोडलेलें आहे, व्यक्तीचें नांव जोडलेलें आहे, आणि एकाच घरांतील पिढ्यांमागून पिढ्यांची दृष्टि जोडलेली आहे. दीडशें वर्षांहून अधिक काळ ठेवलेली ही एक रोजनिशीच आहे. फरक इतकाच कीं ती शाईनें लिहिलेली नसून सुईनें लिहिलेली आहे.

कागद व वस्तु दोन्ही सांपडावींत असा योग एकदांच आला, आणि तोहि अगदीं अलीकडे. दुसऱ्या महायुद्धांत पॅरिस मुक्त झाल्यावर कापडाची टंचाई इतकी होती कीं, नवे पोशाख माणसांवर दाखविणें परवडेना. तेव्हां तेथील पोशाखकर्त्यांनीं जुन्या बाहुलीची आठवण केली. तारेचे सांगाडे, त्यांवर प्लॅस्टरचीं मस्तकें, उंची सुमारें ७० सेंटिमीटर, अशा सुमारें दोनशें बाहुल्या करून त्यांवर खरे पोशाख खऱ्या शिलाईनें चढविले. ‘तेआत्र द ला मोद’ या नांवाचें हें प्रदर्शन मार्च १९४५ मध्यें लूव्रच्या इमारतींत भरलें व त्याचें उत्पन्न मदतकार्यास दिलें. तें लंडनास गेलें, १९४६ सालीं न्यूयॉर्क व सॅनफ्रान्सिस्को येथें गेलें. पॅरिस अजून पोशाखाची राजधानी आहे हा निरोप चारशें वर्षांपूर्वींच्या रीतीनेंच जगास पोंचविण्यांत आला.

आणि नंतर जुनेंच वर्तमान पुन्हां घडलें. निरोप पोंचला, बाहुल्यांचें काम संपलें. दागिने पॅरिसला परत गेले आणि बाहुल्या सॅनफ्रान्सिस्कोंतील एका दुकानांत पडून राहिल्या. १९५२ सालीं त्या वॉशिंग्टन संस्थानांतील मेरीहिल संग्रहालयास मिळाल्या म्हणून वांचल्या. मूळचे रंगमंचाचे देखावे मात्र नाहींसे झाले होते. पॅरिसमध्यें बाहुल्यांची दुरुस्ती झाली तेव्हां, १९९० च्या सुमारास, ते नव्यानें करावे लागले. छायाचित्रें, वृत्तपत्रें व हिशेब यांच्या युगांतहि निरोप्या बाहुलीची ही गत झाली. मग १४९६ ची बाहुली राहिली नाहीं यांत नवल तें काय?

(९)

लेख संपविण्यापूर्वीं संग्राहकांस कांहीं विनंती करावीशी वाटते. जुनी बाहुली हातीं आल्यास तिचे कपडे धुवूं नयेत, उसवूं नयेत व नवे घालूं नयेत. फाटलेलें कापड नव्या कापडाहून अधिक सांगतें. ती कोणाच्या घरची, कोणी दिली, कोणत्या पेटींत होती, तिच्याबरोबर कोणती चिठ्ठी वा यादी होती, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. पोशाख एकीकडे व बाहुली दुसरीकडे विकूं नये. मायना फाडून ठेवलेल्या पत्रासारखी तिची अवस्था होते.

ही विनंती युरोपांतील संग्राहकांपुरती नाहीं. आपल्याकडील निरोपाची परंपरा निराळी आहे. दरबारांमधून पोशाख प्रत्यक्ष वस्त्रांच्या रूपानें जात, बाहुलीच्या मार्फत नव्हे. पण घरच्या बाहुल्या आपल्याकडेहि आहेत. लांकडी ठकी आहे, बाहुला-बाहुलीचीं लग्नें आहेत, आणि त्या लग्नांसाठीं आज्यांनीं शिवलेले शालूशेले आहेत. बाहुलीचें लुगडें नवीन कापडाचें कोणी करीत नाहीं. तें आईच्या जीर्ण लुगड्याच्या काठापदरांतून निघतें, चोळी उरलेल्या खणांतून निघते. मूळचें लुगडें बोहारणीच्या भांड्यांत गेलेलें असतें. त्याचा वीतभर काठ बाहुलीच्या अंगावर राहतो. ज्या विणीचे व रंगाचे नमुने आज कोठें पाहावयास मिळत नाहींत ते अशा काठांतच मिळण्याचा संभव आहे. जुन्या वाड्यांतील रुमाल तपासतांना कागदाखालीं चिंध्यांची बाहुली निघाली, तर ती मुलांपुढें टाकण्यापूर्वीं तिचें लुगडें एकदां उजेडांत धरून पाहावें.